विटकरी दोरा

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. तेव्हा नाही, आताही नाही. नवऱ्यानं नाही, चौकशीला बसलेल्या तिघांनी नाही, आणि ज्या डॉक्टरानं मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या त्यानं तर मुळीच नाही. मी चौथी शिकलेली बाई. लोक माझं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघतात. तुम्हीही तेच कराल. करा. पण आधी शेवटपर्यंत ऐका.

माझा प्रश्न एकच होता. तीन वर्षं ज्याला त्याला विचारला. दोरा कोणत्या रंगाचा होता?

म्हणून आधी दोऱ्याचंच सांगते. मी चादरी धुण्याच्या कारखान्यात रफूकाम करते. इस्पितळाच्या, हॉटेलांच्या, वसतिगृहांच्या चादरी. लांबलचक टेबलाशी आम्ही अकरा जणी बसतो आणि प्रत्येकीला आपापला रंग असतो. हिरवा, निळा, पिवळा. शिवलेली चादर पुन्हा उसवून आली की मुकादम आधी दोरा बघतो आणि ती चादर थेट त्या बाईपुढे आणून आपटतो. माझा रंग विटकरी. एकोणीस वर्षांत माझ्यापुढे एकही चादर आपटली गेली नाही. दुहेरी दोरा, मेण चोळलेला, गाठ आतल्या अंगाला, आणि शेवट दातानं तोडायचा. कात्रीनं नाही. मुकादम म्हणायचा, "हिचा टाका बंद तो बंद, आणि हिचं तोंड उघडं ते उघडं."

माझी मुलगी काडी. अंगानं काडी म्हणून नाव काडी. तिची आत्या, म्हणजे माझी नणंद, नाट्यगृहाच्या कपडेखान्यात कामाला. इस्त्री, टाके, नाचणाऱ्यांचे पोशाख सांभाळणं. तिच्या ओळखीनं पोर सातव्या वर्षी तिथल्या बॅलेच्या वर्गात गेली आणि एकोणिसाव्या वर्षी तिथल्याच रंगमंचावर नाचायला लागली. चवड्यांच्या टोकावर उभं राहायचं असतं त्या नाचात. त्यासाठी पुढून लाकडासारखे कडक बूट असतात आणि ते पायाला धरून ठेवायला दोन फिती. बूट येतात तेव्हा फिती सुट्या असतात. त्या नाचणारणीनं आपल्या हातानं शिवायच्या, हा तिथला नियम. आपला पाय, आपला टाका. दुसऱ्या कोणी शिवायच्या नाहीत, आईनंसुद्धा नाही.

काडीच्या मी शिवायची. लपून. पोर सकाळी सातला जायची, रात्री मेल्यासारखी यायची, अंथरुणावर पडल्या पडल्या पाय माझ्या मांडीवर टाकायची. लहानपणी बुटाची नाडी बांधायला टाकायची तसाच. मी फिती शिवायची, ती झोपायची. विटकरी दोऱ्यानं, कारण घरात दुसरा दोरा नव्हताच.

एका शनिवारी दुपारच्या खेळाला काडी नाचता नाचता रंगमंचाच्या कडेवरून पुढे गेली. पुढे वादकांचा खड्डा असतो. खाली पडली ती मानेवर. मी तेव्हा कारखान्यात एका चादरीचा कोपरा शिवत होते.

चौकशी झाली. कागद निघाला. डाव्या बुटाची फीत सुटली, फीत नियम मोडून आईने शिवलेली होती. नणंदेनं तसं सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. मीच शिवली होती. पण माझा टाका सुटत नाही. मी विचारलं, बूट दाखवा, दोऱ्याचा रंग सांगा. ते म्हणाले, बूट पेटीत घालून लाखेनं बंद केलाय. मी म्हटलं, उघडा. ते म्हणाले, बाई, आता पाणी प्या.

आणि तेव्हापासून गल्लीतल्या बायकांना विषय झाला. समोर नाही बोलायच्या. पण माझ्याकडे कोणी बटणसुद्धा लावायला आणून दिलं नाही परत.

तीन वर्षांनी तोच बॅले पुन्हा लागला. नणंद घरी आली, पर्समधून डाव्या हातानं दोन पास काढले आणि टेबलावर ठेवले. नणंद डावखुरी आहे. लिहिते, शिवते, इस्त्री फिरवते, सगळं डाव्या हातानं.

"वहिनी, चला. एकदा बघून घ्या."

"काय बघू? खड्डा?"

"असं काय बोलता. काडीनं बारा वर्षं काय केलं ते तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत."

ते खरं होतं आणि तिला ते माहीत होतं. शनिवारी मला सुट्टी नसायची. वर मी म्हणायची, पाय वर करून नाचायचं, त्यात आईनं काय बघायचं?

नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "जा. नाहीतरी इथे बसून भिंतीशी बोलतेस."

गेले. कामावरचा लांब कोट अंगावर आणि पिशवी खांद्याला तशीच होती. पिशवीत डबी, डबीत मेण आणि विटकरी दोरा ओवलेली सुई. ती कायम ओवलेलीच असते. ऐनवेळी भोकात दोरा घालत बसायला माझे डोळे आता तरुण नाहीत.

दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन आणि आत विहिरीत उतरल्यासारखं. आम्हाला वरच्या सज्ज्यातली अगदी शेवटची रांग. लाल मखमलीच्या खुर्च्या, बसलं की धूळ नाकात जाणाऱ्या. सगळीकडे म्हाताऱ्या बायका, खोकला, गोळ्यांच्या कागदांची चुरचुर. आमच्या रांगेत आम्ही दोघीच. माझ्या उजवीकडे नणंद, डावीकडे जायची वाट आणि लाकडी जिना.

पहिला अंक हलकाफुलका होता. एक दीपगृह, त्याचा राखणदार, त्याच्यावर जीव टाकणारी गावातली मुलगी. राखणदार पांढऱ्या घट्ट विजारीत उड्या मारत आला.

मी म्हटलं, "वन्सं, याची वरची पँट इस्त्रीलाच राहिली का तुमच्याकडे?"

"हळू बोला हो!"

"मी हळूच बोलतेय. त्याचंच सगळं मोठ्यानं दिसतंय."

पुढच्या रांगेतली म्हातारी खुदकन हसली. नणंदही हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि लगेच वाटलं, मेली लाज नाही तुला.

मध्यंतरात चहा घेतला. नणंद कपावरून खाली बघत म्हणाली, "दुसऱ्या अंकात पतंग येतात. दिव्यावर झेपावणारे. चोवीस मुली, सगळ्या पांढऱ्यात. काडी त्यात होती. शेवटच्या रांगेत, डावीकडून पहिली."

"चोवीस?"

"चोवीस झगे मी स्वतः सकाळी इस्त्री केलेत. नको असेल तर आपण जाऊ."

"आता कशाला जायचं?" मी म्हटलं.

दुसरा अंक सुरू झाला. रंगमंच काळा आणि मधोमध उंचावर एकच दिवा. मग अंधारातून त्या आल्या. आधी आवाज आला. आम्ही चौथी शिकलेल्या बायका समजतो, हा नाच म्हणजे वारा. नाही हो. संगीत खाली उतरलं की बूट ऐकू येतात. लाकडावर लाकूड. चोवीस जणींचे बूट, ठक ठक ठक ठक, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. ओळीमागून ओळ, सगळ्या सारख्या, माना सारख्या, हात सारखे. रांगेतली चादर बघावी तशी मी बघत होते. मोजायची सवय आहे मला, गठ्ठ्यात किती नग आहेत ते न बघताही कळतं.

मला पंचवीस दिसल्या.

पुन्हा मोजल्या. सहा-सहाच्या चार रांगा. आणि शेवटच्या रांगेत डावीकडे, पहिल्या मुलीच्याही डावीकडे, जिथे दिव्याचा उजेड पोचत नव्हता तिथे, एक जास्त.

"वन्सं, तुमच्या पंचवीस आहेत."

"चोवीस."

"शेवटची रांग बघा."

नणंदेनं बघितलं. खुर्चीच्या हातावरचा हात तिनं मांडीवर घेतला.

मग मला आवाज वेगळा काढता आला. गारांमध्ये एक पाय चुकत होता. ठक… फट. ठक… फट. एक बूट घट्ट, दुसरा टाच सोडून लाकडावर आपटणारा. फीत सुटलेल्या बुटाचा. पंचवीस कशाला, पंचवीसशे पायांतून ओळखला असता मी तो. लहानपणी घरातल्या फरशीवर ती माझे मोठे बूट घालून असंच चालायची.

दिवा फिरला. त्याचा झोत शेवटच्या रांगेवरून गेला तेव्हा तिथे सहाच होत्या.

आवाज थांबला नव्हता.

ठक… फट. रंगमंचावर नाही. खाली, प्रेक्षकांच्या मधल्या वाटेवर. तिथे तर गालिचा आहे, गालिच्यावर बूट वाजत नाही. तरी वाजत होता. कोणी मान वळवली नाही. मग जरा वेळ काहीच नाही. आणि मग सज्ज्याचा लाकडी जिना. एक पायरी. ठक. दुसरी पायरी. फट.

वास आला. राळेचा. बूट घसरू नयेत म्हणून मुली राळेच्या भुकटीत पाय घासतात. काडीच्या मोज्यांना कायम यायचा तो, चिकट, जळक्या लाकडासारखा.

"वहिनी…" नणंद कुजबुजली. "जिन्यावर कोणी आलंय का?"

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"नाही," ती म्हणाली. पण मी विचारायच्या आधीच तिचे दात वाजायला लागले होते.

आवाज आमच्या रांगेशी आला. थांबला. मी डावीकडे बघितलं नाही. मी फार भांडखोर बाई आहे, मुकादमाच्या अंगावर गेलेली आहे, पण मान वळली नाही माझी. समोर दिव्याभोवती त्या पांढऱ्या मुली एकेक करून पडत होत्या, आणि माझ्या मांडीवर पाय येऊन पडला.

वजन होतं त्याला. बर्फासारखा गार नव्हता, लोक सांगतात तसा. खोलीत रात्रभर राहिलेल्या पाण्यासारखा गार होता. टाच माझ्या मांडीत रुतली, आणि पाय किंचित बाहेर वळला, टाके घालायला सोपं जावं म्हणून वळायचा तसा.

मी हात लावला. का लावला म्हणून विचारू नका. तुम्ही नसता लावला?

अंधारात मला डोळे लागत नाहीत. अंगठा लागतो. उजव्या अंगाची फीत जागेवर होती. डाव्या अंगाची एका टोकानं लोंबत होती, दोन टाक्यांवर. मी अंगठा फिरवला आणि पुन्हा मागे आणला. एकेरी दोरा. मेण नाही. गाठ बाहेरच्या बाजूला. आणि टाका उलटा. माझा टाका उजवीकडून डावीकडे जातो, उजव्या हाताच्या कोणाचाही तसाच जातो. हा डावीकडून उजवीकडे कललेला होता. तुरपाईचा, आखूड, घाईचा.

तो टाका मला पाठ होता. माझ्या घरच्या पडद्यांना होता तो. काडीच्या लहानपणीच्या प्रत्येक फ्रॉकच्या घेराला होता.

"वन्सं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "फीत तुम्ही शिवलीत."

ती खुर्चीत मागे सरकली.

"माझे टाके उसवून तुम्ही शिवलीत."

"वहिनी, तुम्ही मांडीवर काय धरलंय…?"

"आधी बोला."

समोर एक पतंग पडला. संगीत इतकं हळू झालं की तिचं रडणं पुढच्या म्हातारीला ऐकू गेलं असेल.

"तिनंच सांगितलं," नणंद म्हणाली. "पडदा उघडायला पाच मिनिटं होती. मुली हसत होत्या तिला. गुलाबी बुटाला लाल-लाल टाके, चादरीला असतात तसे… म्हणाली, आत्या, काढून टाक, आईचा दोरा दिसतो. मी घाईत गुलाबी दोरा घेतला… एक बाजू नीट झाली. दुसरीला वेळ नव्हता. घंटा झाली."

आईचा दोरा दिसतो.

बघा, तीन वर्षं मी या उत्तरासाठी जीव टाकला. दोरा माझा नव्हता. मी सुटले. आणि त्याच क्षणी कळलं की पोरीला माझी लाज वाटत होती. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं. आणि ही बया मांडीला मांडी लावून तीन वर्षं माझ्या घरात चहा पीत होती.

मी तिला तिथेच धरलं असतं. माझी बोटं वळलीही होती. पण मांडीवरचा पाय हलला. जरासा. उशीर होतोय अशा अर्थाचा, सकाळी व्हायचा तसा.

मी डबी उघडली. सुई ओवलेली होतीच. ते दोन गुलाबी टाके नखानं उपटले आणि शिवायला घेतलं. तिची लाज असू दे नाहीतर काही असू दे. उघड्या फितीचा पाय मांडीवर असताना आईनं काय करायचं असतं, हे चौथीपर्यंतसुद्धा शिकवावं लागत नाही. दुहेरी दोरा. आतून गाठ. सहा टाके वर, सहा खाली. मग दुसरी बाजू, तीही उपटून, पुन्हा.

"वहिनी… हवेत काय शिवताय?" नणंद म्हणत होती. "वहिनी, थांबा… तिथे काही नाही… मग दोरा कशात अडकतोय?"

मी वाकले आणि दोरा दातानं तोडला. तोंडात राळेची चव आली.

पाय उचलला गेला. जिन्यावरून आवाज उतरला. ठक, ठक, ठक, ठक. एकसारखा, घट्ट. खाली गेला, गालिच्यावरून गेला, आणि गारांमध्ये मिसळला. मग मला तो वेगळा काढता आला नाही.

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. माझ्या कोटावर टाचेएवढा राळेचा पांढरा डाग होता आणि मांडीवर गुलाबी दोऱ्याचे तुकडे.

घरी येऊन नणंदेनं कानावर हात ठेवले. "मी असं काही बोललेच नाही. वहिनींची तब्येत बघा." नवऱ्यानं बहिणीचं ऐकलं. गुलाबी तुकडे दाखवले तर म्हणाला, गुलाबी दोरा कुठेही मिळतो. तेही खरंच.

पण मी आता गप्प बसणार नव्हते. पेटीत तो बूट होता. त्यात उलटे टाके होते, गुलाबी, तिच्या हाताचे. नाट्यगृहाच्या कार्यालयात अर्ज टाकला. माझ्या मोठ्या मोठ्या अक्षरांत. पेटी उघडा आणि फितीच्या दोऱ्याचा रंग लिहून द्या. रोज जाऊन बसले. अकराव्या दिवशी कारकून वैतागला आणि म्हणाला, उद्या या, एकदाचं उघडू.

दुसऱ्या दिवशी कारकून, मी, नवरा, आणि कपडेखान्यातर्फे साक्षीला नणंद. पेटीवरची लाख कारकुनानं आम्हा सगळ्यांना दाखवली. तीन वर्षांपूर्वीचा शिक्का, तारीख, कुठे तडा नाही. नणंदेचा चेहरा पांढरा पडला होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

कारकुनानं लाख फोडली. झाकण काढलं. डावा बूट बाहेर घेतला आणि खिडकीशी धरला.

दोन्ही फिती जागेवर होत्या. दुहेरी दोरा. गाठ आतून. सहा टाके वर, सहा खाली.

विटकरी.

नणंद बुटाकडे नव्हती बघत, माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं स्वतः उसवलेले टाके ते. दोघींनाच माहीत होतं, आणि दोघीही बोलू शकत नव्हतो.

"बाई," कारकून म्हणाला, "तुमच्या कारखान्यात तुमचा रंग कोणता?"

"विटकरी."

"मग झालं की."

"फीत घट्ट आहे बघा," मी म्हटलं. "ओढून बघा. सुटली कुठे ती? मग पोर पडली कशी?"

"अर्जात तुम्ही रंग विचारलाय. पडली कशी ते नाही विचारलेलं." त्यानं कागद पुढे ओढला. "आणि याला हात लावू नका. हे काय, ओलं कसं आहे इथे?"

दोऱ्याचं टोक होतं ते. दातानं तोडलेलं. तीन वर्षं लाखेच्या आत होतं आणि अजून ओलं होतं.

कारकुनानं बोट रुमालाला पुसलं आणि लिहायला लागला. शिवणाऱ्याचा दोरा, विटकरी. दोष जुन्या निकालाप्रमाणे कायम. नणंदेनं साक्षीदार म्हणून डाव्या हातानं सही केली. पेन दोनदा हातातून पडलं.

मी एक शब्द बोलले असते. पण काय बोलणार होते? पुरावा मीच माझ्या हातानं उपटून टाकला होता. आणि उद्या तो पाय पुन्हा मांडीवर आला तर पुन्हा तेच करीन.

"दोषी म्हणून नाव काय लावू?" कारकुनानं विचारलं. "पूर्ण नाव सांगा."

नवरा खिडकीबाहेर बघत होता. पलीकडे, बंद दाराआड, मुलींचा सराव चालला होता. ठक ठक ठक ठक. मी मोजायला लागले आणि मधेच थांबले.

"लिहा," मी म्हटलं. "काडीची आई."